तारेनं बांधलेलं फाटक

फ्लिंडर्स नदीचा काठ, नॉर्मंटनच्या अलीकडे
५ सप्टेंबर १९७९

लॉर्ना,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू क्लाइव्हला म्हणाली असशील, आली बघ स्वारीला बहिणीची आठवण. तर तू चिडायच्या आधीच सांगून टाकतो. रविवारी मी कर्लू क्रॉसिंगवरूनच गेलो. तुमच्या दुकानाचा पत्रा लांबून दिसला आणि मी गाडी थांबवली नाही. थांबलो असतो तर तू आधी जेवायला घातलं असतंस आणि तोंडात घास असताना विचारलं असतंस, की टुवुंबातली नोकरी का सोडली.

तीन वर्षं मी त्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकले. भिंतीवर एक तसबीर टांगायची असते, अशा गिऱ्हाइकांना एक खिळा. गेल्या महिन्यात एक बाई कुंपणाची तार मागायला आली. म्हटलं, किती मैल? म्हणाली, हातभर, गुलाबाच्या वेलीला. मी तार कापून दिली, अंगावरचा एप्रन काढून गल्ल्याजवळ ठेवला आणि घरी आलो. मालक भला माणूस आहे, पण ज्याचं जळतं त्याला कळतं. त्यानं कधी वीस वर्षं स्वतःचं फार्म चालवून मग ते दुसऱ्याच्या हातात जाताना पाहिलेलं नाही.

आता टोयोटाच्या टपावर पत्र्याची होडी आहे, मागे वळकट्या, पाण्याची पिंपं, पीठ, खारवलेलं गोमांस आणि शेजारी वॉल ग्रीव्ह. तोच तो, रेल्वेत गँगमन होता. बायको गेल्यापासून त्यालाही घरात करमत नाही. झोपला की मालगाडी निघते आणि पहाटेपर्यंत कुठल्याही स्टेशनला थांबत नाही. शेजारी बसणाऱ्यानं उतरून फाटकं उघडायची हा आपला कायदा त्याला मान्य आहे, फक्त दर फाटकाला तो माझ्या वाडवडिलांचा उद्धार करतो.

मोठा रस्ता सोडून मी वॉरेल डाउन्समधून, आपल्या जुन्या फार्मवरून, गाडी घातली. वाट सरकारी आहे, नव्या मालकाला, पिकर्डला विचारायचं काही कारण नव्हतं. त्यानं टेकाडावर नवं घर बांधलंय, आपलं जुनं घर रिकामं पडलंय. आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला एक जाळीसुद्धा नीट नाही. मी पुढे गेलो. नदीवरच्या फाटकाशी आलो तर ते सताड उघडं, आणि वर तारेनं झाडाला बांधून ठेवलेलं. आपल्या म्हाताऱ्याच्या हयातीत ते फाटक कधी उघडं बघितलंस तू? बोअरच्या कुरणातली जनावरं नदीत उतरून चिखलात रुतू नयेत म्हणून तो आपल्याला रात्री उठवून ते बघायला पाठवायचा.

वॉल म्हणाला, "उघडं होतं ना, मग उघडंच राहू दे."

मी म्हटलं, हे माझं फाटक आहे. तो म्हणाला, "होतं." मग मीच उतरलो, तार सोडली, फाटक लावलं आणि साखळी अडकवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हातून काहीतरी नीट काम झाल्यासारखं वाटलं.

इथं पाणी गढूळ आहे पण मासा आहे. काल हातभर लांब एक बारामुंडी लागला, वॉलला त्याच्याहून मोठा लागला आणि तेव्हापासून तो गप्प बसायचं नाव घेत नाही. सुसरीही आहेत. आम्ही काठापासून लांब झोपतो. जागा चांगली आहे, पण उद्या हलावं म्हणतो. उत्तर नॉर्मंटनच्या पोस्टात पाठव, मी येऊन घेईन.

तुझा
नेव


कर्लू क्रॉसिंग
१४ सप्टेंबर

नेव,

तुझ्या पायाला भिंगरी आहे हे मला तू चालायला लागल्यापासून माहीत आहे. दारावरून गेलास आणि आत आला नाहीस, हे मात्र मी विसरणार नाही. त्या रविवारी मी कोकरू भाजलं होतं. तुझ्या वाटणीचं क्लाइव्हनं खाल्लं आणि त्याचं पोट बिघडलं.

फोन करणार होते, पण तू कुठल्या झाडाखाली फोन ठेवला आहेस ते कळेना. आणि आमच्या फोनच्या एकाच लाइनवर आठ घरं आहेत, आठही कान लावून बसलेली असतात. जे लिहिणार आहे ते त्यांच्यासाठी नाही.

पहिली गोष्ट चांगली आहे. मागच्या महिन्यात ग्रॅहम पिकर्ड दुकानात आला होता. त्याला एक जाणता माणूस हवा आहे. बोअर, पवनचक्क्या, कुंपणं सगळं बघणारा, कुठल्या ओहोळाला कधी पाणी येतं ते ठाऊक असणारा. त्यानं स्वतःहून तुझं नाव काढलं असं मी सांगणार होते, पण खोटं कशाला बोलू. नाव मी काढलं. तो विचार करून म्हणाला, बरं, येऊ दे. राहायला जुनं घर देतो म्हणाला. आपलं घर, नेव. जाळ्या त्याच बसवून देणार आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत तो तुझी वाट बघेल. तू नोकरमाणूस म्हणून त्या फार्मवर जाशील का, याचा मी महिनाभर विचार केला. मला वाटतं, खिळे विकण्यापेक्षा ते बरं.

दुसरी गोष्ट वाईट आहे. पिकर्डची गुरं मेली. साठाच्या आसपास, बहुतेक गाभण गाई आणि लहान वासरं. बोअरच्या कुरणातला बोअर जुलैतच आटला होता. म्हणून त्यानं नदीवरचं फाटक उघडून तारेनं बांधून ठेवलं होतं, गुरांनी रोज जाऊन नदीवर पाणी प्यावं म्हणून. तो दुसऱ्या टोकाला गुरं गोळा करायला गेला आणि आठवडाभरानं परतला, तर फाटक बंद आणि सगळी गुरं फाटकाला चिकटून पडलेली. पलीकडे शंभर पावलांवर पाणी. तो दुकानात आला तेव्हा त्याच्या अंगाला अजून वास होता, आणि त्याला ते कळत नव्हतं.

सगळे रोझलिनला बोल लावताहेत. त्याची बायको, तू पाहिलेली नाहीस, ब्रिस्बेनची आहे, दोन वर्षं झाली लग्नाला. त्या आठवड्यात टपाल आणायला ती त्याच वाटेनं आली होती. ती म्हणते, मी पोचले तेव्हा फाटक बंद होतं, म्हणून उघडलं, गाडी काढली आणि परत बंद केलं, जसं सापडलं तसं ठेवायचं असं तुम्हीच मला शिकवलंत. पण ग्रॅहम म्हणतो, मी माझ्या हातानं तार पिळली होती, फाटक आपोआप बंद होतं का?

तू कुठलं फाटक बंद केलंस ते मला लिही. नीट आठवून लिही.

लॉर्ना


बर्कटाउनच्या पुढे, खाडीवर
२४ सप्टेंबर

लॉर्ना,

नॉर्मंटनला तुझं पत्र मिळालं. तिथून निघालो, एका नदीवर दोन रात्री काढल्या, पटलं नाही, पुढच्या नदीवर आलो. वॉल म्हणतो, मासे आपल्या मागे लागलेत की आपण माशांच्या? या खाडीत पागाचं जाळं टाकलं की आमिषाला बारीक बोय मासे भरपूर मिळतात, पण माशाच्या तोंडाला काय झालंय कळत नाही. येतो, गळ हुंगतो आणि जातो. मलाही एका जागी बसवत नाही. चहा उकळत ठेवतो आणि उकळेपर्यंत तीनदा होडीकडे जाऊन येतो.

जुन्या घराचं तू लिहिलंस. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. उत्तरेच्या बाजूला ओसरी आहे ना, तिचे तीन खांब बदलावे लागतील. वाळवी तेव्हाच लागली होती. पिकर्डच्या हाताखाली काम करायचं म्हटलं की घशाशी येतं, पण घशाशी आलेलं गिळता येतं. त्याला सांग, मी ऑक्टोबरच्या शेवटी येतो. सांगशील ना?

गुरांचं वाईट झालं. पण ब्रिस्बेनची पोरगी आणून फार्मवर सोडल्यावर दुसरं काय होणार? तिकडे फाटक म्हणजे बागेचं, मांजर बाहेर जाऊ नये म्हणून लावतात. पिकर्डचीही चूकच आहे. बोअर आटला तर गुरं हलवायची, फाटकं उघडी टाकून नाही जायचं. म्हातारा असता तर त्यानं त्याला कुंपणाला उभं करून झाडलं असतं.

मी कुठलं फाटक लावलं म्हणतेस. त्या वाटेवर आठ-दहा फाटकं आहेत. नदीकडचं होतं खरं, पण नदी तिथं तीन ठिकाणी येते. त्या वेळी ऊन डोळ्यांवर होतं. वॉलला विचारलं तर तो नुसता माझ्याकडे बघतो आणि गळाला आमिष लावत बसतो. उगीच नको तिथं काही जोडत बसू नकोस. तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

खारट हवेनं सगळ्या गळांना गंज चढलाय. उद्या पश्चिमेला निघतो.

नेव


कर्लू क्रॉसिंग
२ ऑक्टोबर

नेव,

तू पहिल्या पत्रात काय लिहिलंस ते माझ्यासमोर टेबलावर आहे. "नदीवरचं फाटक." "तारेनं झाडाला बांधून ठेवलेलं." "तार सोडली." त्या अख्ख्या वाटेवर तारेनं झाडाला बांधलेलं फाटक एकच होतं. दुसऱ्या पत्रात तुझ्या डोळ्यांवर ऊन आलं.

चुकून फाटक लावलंस असं म्हणाला असतास तर मी रडले असते आणि पुढे काय करायचं ते बघितलं असतं. पण उघडं फाटक म्हणजे कदाचित कुणी विसरलं असेल, आणि तारेनं बांधलेलं फाटक म्हणजे कुणीतरी कारणानं उघडं ठेवलंय, हे म्हाताऱ्यानं आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. शहरातल्या माणसाला ते कळलं नसतं. तुला कळत होतं, आणि तरी तू तार सोडलीस. तुला ते फाटक बंद करायचं नव्हतंच, तुला ते परत तुझं करायचं होतं. मला राग त्याचाही येत नाही. तू रोझलिनवर हसलास त्याचा येतो.

तिचं काय झालंय ते ऐक. आधी ती भांडत होती, "मी आले तेव्हा बंद होतं." मग म्हणायला लागली, "मला वाटतं, बंद होतं." गेल्या शनिवारी मी तिला साखर देत होते तर हळूच म्हणाली, "लॉर्ना, मीच सोडली असेल का गं तार? मला ती हाताला टोचलेली आठवते आता." मी साखर जास्त तोलली.

रविवारी प्रार्थनेनंतर ग्रॅहमनं सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "झालं ते झालं, मी हिला माफ केलंय, तुम्हीही विषय सोडा." बायका म्हणाल्या, किती मोठ्या मनाचा नवरा. तो खरंच वाईट माणूस नाही. पण तेव्हापासून ती ओट्यावरची भांडी हलवायलाही त्याला विचारते. काल मी गेले होते तर गाडीची किल्ली त्याच्याकडे होती, तिच्याकडे नव्हती.

मी सांगू शकते. आत्ता फोन उचलला तर आठ घरांना एका दमात कळेल. पण ते माझं सांगणं झालं. मला वाटतं, ते तुझ्या तोंडून निघावं. आणि हे मी डोळे उघडे ठेवून लिहितेय, की एकदा ते निघालं की पिकर्डची नोकरी गेली आणि घरही गेलं. आईच्या खिडकीत तू बसावंस असं मलाही फार वाटत होतं.

महिना संपायच्या आत तू आला नाहीस तर मात्र मी बोलेन.

लॉर्ना


वाटेत, एका रोडहाउसच्या बाकावर
१९ ऑक्टोबर

लॉर्ना,

बर्कटाउनच्या पोस्टमास्तरनं तुझं पत्र मला काल दिलं. तिथं ते बरेच दिवस पडून होतं. मी मुद्दाम तिकडे जात नव्हतो. राज्याची सरहद्द ओलांडून पार रोपर नदीपर्यंत गेलो, तिथंही चार जागा बदलल्या. एकदा तंबू ठोकून झाला, चूल मांडली, डँपरची रोटी राखेत घातली आणि वॉलला म्हटलं, आवर, इथं नको. त्यानं अर्धी कच्ची डँपर फडक्यात बांधली आणि गाडीत बसला.

शेवटी तो बोलला. मी मासा सोलत होतो, त्यानं सुरी माझ्या हातातून घेतली. म्हणाला, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं असं काही मी म्हणणार नाही. पण सांगितलं होतं." मग म्हणाला, "माझी बायको आजारी होती तेव्हा मी असाच रुळांवर काम काढून बाहेर राहायचो. घरी परतलो तेव्हा तिच्याशी बोलायचं सगळं राहून गेलं होतं. मी पुढे तुझ्याबरोबर येत नाही, नेव." दुसऱ्या दिवशी तो एका गुरांच्या ट्रकमध्ये चढून माउंट आयझाला गेला. होडी मी तिथल्याच एका माणसाला देऊन टाकली.

तेच फाटक होतं. नदीवरचं. तुझं पत्र नॉर्मंटनला वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. ऊनबिन काही नव्हतं, आभाळ भरलेलं होतं. मला गुरं दिसतात, लॉर्ना. मी न पाहिलेली. मी वीस वर्षं त्याच कुरणात गुरांच्या पाण्यासाठी जीव टाकला आणि पाणी शंभर पावलांवर असताना मीच ती मारली. मला याची लाज वाटते, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटते, की मी तिथं पोचेन आणि बोलणार नाही. आईचं घर दिसेल आणि मी टोपी हातात धरून म्हणेन, कामाला कधीपासून येऊ?

म्हणून हे आधी लिहून टाकतोय. आता तुला माहीत आहे, मला मागे फिरता येणार नाही. टाकी भरली की निघतो.

नेव


कर्लू क्रॉसिंग, तुझं स्वयंपाकघर
२८ ऑक्टोबर

लॉर्ना,

मी इथं पोचलो तर तू नाहीस. तुझी चिठ्ठी मिळाली. तुझ्या शेरिलला मुलगी झाली, तू टाउन्सव्हिलला तिचं करायला गेलीस, हे वाचून आनंद झाला, पण मला वाटलं होतं तू माझ्याबरोबर येशील. मागच्या खोलीत वळकटी टाकली आहे. क्लाइव्ह मला रोज अंडी करून घालतो आणि एक शब्द विचारत नाही.

काल सकाळी वॉरेल डाउन्सला गेलो. पिकर्ड वासरांच्या कोंडवाड्यात होता. तो मला पाहून खूश झाला, खरंच झाला. हात पुसून पुढे केला. मी हात घ्यायच्या आधीच सांगितलं, कारण हात घेतला असता तर सांगितलं नसतं. म्हटलं, फाटक मी लावलं. तार मी सोडली. तुमची बायको खरं बोलत होती.

मला वाटलं आता मारतो. मी तयार होतो. पण त्यानं कोंडवाड्याचा अडसर घातला आणि मला जरा बाजूला नेलं. म्हणाला, तू आलास, सांगितलंस, हे मोठं आहे, मी लक्षात ठेवेन. गुरं काही परत येत नाहीत. मग म्हणाला, "तिला हे कशाला सांगायचं? आत्ता कुठं शांत झालीय. तिनं मान्य केलं, मी माफ केलं, सगळं मिटलं. मी चारचौघांत बोलून बसलोय, नेव्हिल. आता उलटं सांगायचं म्हणजे काय दिसेल ते? तू सोमवारपासून ये. जाळ्या बसवल्यात."

मी खोटं सांगणार नाही तुला. मी आपल्या घराकडे बघितलं. खिडकीला नवी जाळी होती, चकचकीत. ओसरीचे खांबही त्यानं बदलले होते. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. पाय मात्र टेकाडावरच्या नव्या घराकडे चालायला लागले. तो मागून दोनदा, आता आडनावानं, "हॅड्रिक" म्हणून हाक मारत होता. मी थांबलो असतो तर मी सोमवारी कामावर गेलो असतो.

ती मागच्या दारात कपडे वाळत घालत होती. मी समजत होतो त्याहून लहान आहे ती. हाडं दिसतात. मी नाव सांगितलं, तुझा भाऊ म्हणून सांगितलं, तेव्हा ती हसली आणि चहाचं विचारणार होती. मी म्हटलं, दोन सप्टेंबरला मी नदीवरच्या फाटकाची तार सोडून ते बंद केलं. तुम्ही नंतर आलात. तुम्हाला ते बंदच सापडलं.

ती म्हणाली, "बंद होतं?"

मी म्हटलं, होय, बंद होतं. तिनं परत विचारलं, परत सांगितलं. मग तिनं आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाली, मला तार टोचलेली आठवते. मी म्हटलं, तार मी काढून खांबाला गुंडाळली होती, तुमच्या हाताला लागायला तिथं तारच नव्हती. तर ती खाली बसली. ओल्या कपड्यांच्या टोपलीवरच बसली. मला वाटलं रडेल, पण ती मोठमोठ्यानं श्वास घेत होती, नुसता श्वास.

तोवर पिकर्ड धापा टाकत वर आला. त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला, रोझ, मला आत्ताच कळलं, तुला सांगायला येतच होतो.

ती म्हणाली, "तू मला माफ केलं होतंस, ग्रॅहम. सगळ्यांसमोर."

तो म्हणाला, हो गं, मग?

"ती माफी परत घे. तशीच, सगळ्यांसमोर."

तो म्हणाला, बघू, रविवार येऊ दे, लोकांना काय सांगायचं ते ठरवू. ती उठली आणि उरलेले कपडे वाळत घालायला लागली, एकेक चिमटा लावून, नीट. माझ्याकडे तिनं परत पाहिलं नाही. मला ती "जाऊ दे" म्हणाली असती तर मी तिथं उभा राहू शकलो नसतो, म्हणून मी ते ऐकायला थांबलो नाही.

तिथून थेट पबमध्ये गेलो. शनिवार असल्यानं गर्दी होती. मी काउंटरच्या फळीवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, नाव, तारीख, फाटक, तार, सगळं. दोघेजण हसले, त्यांना वाटलं मी पैज हरलोय. मग कुणी हसेना. म्हाताऱ्याच्या वेळचा तो आर्नल्ड कोपऱ्यात बसला होता, त्यानं ग्लास घेतला आणि उठून दुसऱ्या टेबलावर गेला. मी बाहेर आलो.

नोकरी नाही हे वेगळं सांगायला नको. पिकर्डनं आज क्लाइव्हकडे निरोप पाठवला, की मी वाटेनंही दिसू नये. बरोबर आहे त्याचं. कुठे जाऊ ते कळत नाही. टोयोटात पेट्रोल आहे, नकाशा आहे, आणि पहिल्यांदाच कुठल्या नदीकडे जावंसं वाटत नाही. तू येईपर्यंत मागच्या खोलीत राहिलो तर चालेल ना?

नेव


टाउन्सव्हिल
३ नोव्हेंबर

नेव,

पोरगी गोरीपान आहे आणि रडते आपल्या म्हाताऱ्यासारखी, एकदा सुरू झाली की अख्ख्या वस्तीला उठवते. शेरिल बरी आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच मला रोझलिनचा फोन आला होता. पोलीस चौकीच्या शेजारच्या सार्वजनिक फोनवरून बोलत होती, आठ घरांना चुकवून. रविवारी ग्रॅहम प्रार्थनेला गेला, आला, आणि काही बोलला नाही. म्हणाला, पुढच्या रविवारी. तिनं त्याच दिवशी बॅग भरायला घेतली. मी म्हटलं, ब्रिस्बेनला जातेस का आईकडे? म्हणाली, "नाही. ब्रिस्बेनला गेले तर म्हणतील, शहरातली पोरगी पळाली. मी इथंच राहणार, यांच्या डोळ्यांसमोर." मी येईपर्यंत ती दुकान सांभाळेल आणि आमच्याकडे राहील. पुढे नवऱ्याकडे परत जायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

तू सांगितलंस हे बरं केलंस. पबमध्ये सांगितलंस तेही. मी तुझी बहीण आहे, मला अभिमान वाटला आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले, आता आणखी काही मागू नकोस.

ती मंगळवारी येईल. मागची खोली तिला दे. चादर बदल, खिडकी उघडून ठेव, तुझ्या माशांचा वास जाऊ दे. तू वळकटी घेऊन व्हरांड्यात झोप. क्लाइव्हला दुकानाच्या छपराला हात लावायला माणूस हवाच आहे, तेवढं काम आहे.

आणि ती आली की लगबगीनं पुढे होऊन तिचं सामान उचलू नकोस. आधी विचार. ती नको म्हणाली तर बाजूला उभा राहा.

लॉर्ना